एकच प्रकरण शिकायला आलेली बाई

माझ्या इंग्रजीच्या क्लासला माणसं येतात ती घाईत. कुणाची खात्याची परीक्षा आलेली असते, कुणाची मुलाखत, कुणाला मुलाच्या शाळेत जाऊन दोन वाक्यं बोलायची असतात. सगळ्यांना तीन महिन्यांत सगळं इंग्रजी हवं असतं आणि मीही निर्लज्जपणे "होईल" म्हणते. त्यामुळे ही बाई दारात उभी राहून, "मॅडम, मला सगळं इंग्रजी नको, एकच प्रकरण हवंय," असं म्हणाली तेव्हा मी चष्मा कपाळावर सरकवला आणि तिच्याकडे नीट पाहिलं.

"कुठलं प्रकरण?"

"पॅसिव्ह."

पंचेचाळिशीची असेल. अंगावर ऑफिसची साडी, खांद्याला पर्स, पर्सचा बंद तुटून शिवलेला. मी म्हटलं, "अहो, हे म्हणजे गाडीचं फक्त मागचं चाक विकत घेण्यासारखं आहे. आधी काळ शिकावे लागतील, क्रियापदाची रूपं पाठ करावी लागतील."

"करते. पण लवकर व्हायला हवं. वीस दिवस आहेत माझ्याकडे," ती म्हणाली आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसली.

क्लास म्हणजे शिंप्याच्या दुकानावरची एक खोली. सहा बाकं, एक फळा, खिडकीत पंखा. खाली मशीन चालू झालं की माझ्या टेबलावरची पेन्सिल थरथरत कडेला जाते आणि मी ती दिवसातून वीस वेळा मागे ओढते. मागच्या खोलीत मी राहते. शाळेतून निवृत्त झाले त्याला सहा वर्षं झाली, लग्न केलं नाही, आणि संध्याकाळी मुलं गेल्यावर फळा मी जरा हळूच पुसते. पुसून झाल्यावर करण्यासारखं काही उरत नाही.

ती बर्फाच्या कारखान्याच्या मुख्य कचेरीत फाइली लावायची. बाकीच्यांनी दोन दिवसांत तिचं नाव बर्फताई ठेवलं. तिला ते कळलं आणि तिनं काही मनावर घेतलं नाही. मीही ताईच म्हणू लागले.

ॲक्टिव्ह-पॅसिव्ह शिकवणं मला आवडतं. कुणालाच आवडत नाही, म्हणून बहुधा. पुस्तकातलं ते मांजर आणि ते दूध मी कधीच फळ्यावर आणत नाही. मी कप आणते. मी फळ्यावर लिहिलं, 'त्यानं कप फोडला.' खाली लिहिलं, 'त्याच्याकडून कप फोडला गेला.' मग म्हटलं, "पहिल्या वाक्यात माणूस पुढं आहे, दुसऱ्यात कप पुढं. माणूस शेपटाला गेला. इंग्रजीत त्या शेपटाला 'बाय' लावतात. बाय हिम, बाय हर. आता गंमत अशी की हे शेपूट कापून टाकलं तरी वाक्य जिवंत राहतं. कप फोडला गेला. कुणी? ते गुलदस्त्यात."

शेवटच्या बाकावरून ताई म्हणाल्या, "आमच्याकडे तर कप आपोआप फुटतो. कुणी फोडतच नाही."

सगळे हसले. मीही हसले. तिचा चेहरा मात्र गंभीर होता. वही पुढं करून तिनं विचारलं, "शेपूट कापतात ते का, मॅडम?"

"तीन कारणं असतात. एक, कुणी केलं ते माहीत नसतं. दोन, माहीत असतं, पण सांगायचं नसतं. तीन, सगळ्यांना माहीतच असतं, म्हणून सांगायची गरज नसते."

"आणि आपल्यापुढच्या वाक्यात कुठलं कारण आहे, ते कसं ओळखायचं?"

तीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "वाक्यावरून नाही ओळखता येत."

त्या दिवशी सगळे गेल्यावर ती थांबली. तिनं पर्समधून एक मोठा चौकड्यांचा रुमाल काढला. कडेला लाल दोऱ्याची शिवण, आणि मधोमध एक तपकिरी डाग, वाटीच्या तोंडाएवढा, अर्धवट गोल. रुमालाच्या घडीत एक झेरॉक्स होती. तिनं ती माझ्यापुढं ठेवली.

तिचे यजमान बर्फाच्या कारखान्यात यंत्रावर कामाला होते. अकरा वर्षांपूर्वी तिथला अमोनिया गॅस सुटला आणि त्यात ते गेले. त्यांच्या जागी तिला कचेरीत घेतलं. कारखाना गावाबाहेर, कचेरी गावात, त्यामुळे तिला कारखान्यात कधी पाऊल टाकावं लागलं नाही, आणि तिनं टाकलंही नाही. आता जुन्या फाइली रद्दीत काढायच्या म्हणून ती कपाट आवरत होती, तेव्हा तिच्या हाती अपघाताचा अहवाल आला. इंग्रजीत होता. तिनं मोठ्या क्लार्कना विचारलं, ह्यात काय लिहिलंय? ते म्हणाले, "ते पॅसिव्हमध्ये आहे, तुम्हाला नाही कळायचं."

"म्हणून मी पॅसिव्ह शिकायला आले," ती म्हणाली.

मला त्या क्लार्कच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. मी कागद वाचला. पानभर दाब, तापमान आणि वेळा होत्या. मुद्द्याचं वाक्य एकच: द ऑइल ड्रेन व्हॉल्व्ह वॉज ओपन्ड अँड लेफ्ट अनअटेंडेड. मी तिला मराठीत सांगितलं, "तेल काढायचा व्हॉल्व्ह उघडला गेला आणि तसाच सोडून दिला गेला."

"बाय कुठंय?"

"नाहीये."

ती कागदाकडे बघत राहिली. मग तिनं मला सगळं सांगितलं. कारखान्यात पाळीला दोघं असत, हे आणि ह्यांचा जोडीदार. गॅस सुटला, हे बंद करायला आत धावले ते परत आले नाहीत. जोडीदार वाचला. हे कामाला इतके चोख की घरातल्या नळाचा थेंबसुद्धा ह्यांना सहन व्हायचा नाही. मग व्हॉल्व्ह उघडा कुणी टाकला? दोघांतला एक गेला, राहिला तो. तिनं त्याला तेव्हाच सगळ्यांसमोर विचारलं होतं. तो मान खाली घालून उभा राहिला, हूं की चूं केलं नाही. पुढं महिनाभर दर रविवारी दाराशी यायचा. तिनं दार उघडलं नाही. मग त्यानं यायचं सोडलं. कारखान्यातही लोक त्याच्याकडे तिरकं बघत, त्याला यंत्रावरून काढून बर्फ भरायच्या फलाटावर टाकलं. ह्या महिनाअखेर तो निवृत्त होणार होता. कचेरीत त्याचा निरोपसमारंभ होता.

"मी तिथं उभी राहणार आणि हे वाचणार," ती म्हणाली. "इंग्रजीत. शेवटी त्याचं नाव लावून. हार घालायच्या आधी. मॅडम, तेवढं वाक्य मला चुकता कामा नये."

दुसरी कुणी असती तर मी दोन उपदेशाचे शब्द सुनावले असते. हिला म्हटलं, "नाव कशावरून लावणार? कागदात तर नाही."

"मूळ नोंदवही कारखान्यात आहे. त्यात असेल."

मी विषय बदलायला म्हणून रुमालाकडे बोट केलं. "डाग जात नाही वाटतं?"

"अकरा वर्षं धुतेय. ह्यांच्या खिशात सापडला. आदल्याच दिवशी शिवून दिला होता मी. त्या दिवशी पहिल्यांदा नेला आणि पहिल्याच दिवशी डाग पाडला." हे सांगताना ती जराशी रागावली, नवरा समोर असल्यासारखी.

पुढचे दोन आठवडे ती रोज आली. क्रियापदांची तिसरी रूपं पाठ करताना तिची जीभ अडखळायची, बाकीचे गालातल्या गालात हसायचे आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. एकदा विजेचे दिवे गेले. आम्ही दोघीच खिडकीशी बसलो होतो. तेव्हा तिनं मला तिचा ठेवा दाखवला. दाखवला म्हणजे सांगितला. त्या दिवशी दुपारी घरी नवं कपाट आलं होतं. कुठल्या भिंतीला लावायचं ते विचारायला तिनं कोपऱ्यावरच्या दुकानातून कारखान्यात फोन केला. हे फोनवर आले आणि म्हणाले, "लवकर बोल गं, हात तेलाचे आहेत." ती कसली लवकर बोलते. खिडकीशी लावलं तर ऊन येईल, दाराशी लावलं तर दार पुरतं उघडणार नाही, वरच्या बाई कशा डोकावून बघत होत्या, असं दहा मिनिटं चाललं. शेवटी हे म्हणाले, "तुला हवं तिथं लाव."

"आमचं शेवटचं बोलणं ते. माझ्याकडे तेवढं तरी आहे," ती म्हणाली. "कपाट अजून मधल्या भिंतीलाच आहे. रोज त्याला धडकते, पण हलवत नाही." मला तिचा हेवा वाटला. माझ्याकडे कुणाची तेल लागलेल्या हातांची दहा मिनिटंसुद्धा नाहीत.

कारखान्यात जायचा दिवस ठरला तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही चला. एकटीचे माझे पाय आत जायचे नाहीत."

मी बर्फाचा कारखाना कधी पाहिला नव्हता. फरशी ओली, मिठाच्या पाण्याच्या लांबलचक टाकीवर लाकडी झाकणांच्या रांगा, टाकीच्या कडांना मिठाचं पांढरं खरकट. दोघं माणसं आकड्यांनी बर्फाच्या लाद्या ओढत होती आणि लाद्या दाराकडे सरकत जात होत्या. नाकात बारीक झोंबणारा वास. एका टोकाला काचेची केबिन, तिच्यात टेबल आणि टेलिफोन. ताईंनी माझा दंड धरला होता. त्यांचा हात मला साडीवरून गार लागत होता.

सुपरवायझरनं नोंदवही काढून दिली. मी वाचली. तेच वाक्य होतं, शब्दाला शब्द. तो म्हणाला, "नाव लिहायची पद्धतच नाही आमच्याकडे. यंत्राचं काय झालं तेवढं लिहायचं." ताईंनी वही स्वतःकडे ओढली आणि बोट ठेवून ते वाक्य मोठ्यानं वाचलं. एकही उच्चार चुकला नाही. मग वही मिटून दिली.

आम्ही परत निघालो. दाराजवळ यंत्राच्या पायथ्याशी एक टक्कल पडलेला कामगार बादलीपाशी उभा होता. नळीतून काळं तेल बादलीत पडत होतं. नळीवरच्या व्हॉल्व्हला छोटं लोखंडी चाक होतं, वाटीच्या तोंडाएवढं, आणि चाकावर निळं फडकं बांधलेलं होतं.

ताई थांबल्या. "हे फडकं कशाला?"

"माझं आहे," तो म्हणाला. "तेल काढायचं म्हणजे तेल संपेपर्यंत इथंच उभं राहायचं. तेलामागून गॅस येतो ना. ज्यानं व्हॉल्व्ह उघडला त्यानं आपलं फडकं चाकाला बांधायचं. म्हणजे दुसरा कुणी हात लावत नाही. बंद केला की आपलं आपण सोडून घ्यायचं."

"पहिल्यापासून असंच?"

"माझ्या आधीपासून."

ताईंनी पर्समधून रुमाल काढला. आतला कागद माझ्या हातात दिला आणि रुमाल पसरून चाकाजवळ धरला. लाल शिवणीच्या मधोमध तो अर्धवट गोल. कामगारानं एक नजर टाकली आणि सहज म्हणाला, "हो, हा चाकाचाच. गंज आणि तेल. कितीही धुवा, निघत नाही."

बाहेर रस्त्याच्या कडेला एक बाक होता, त्यावर आम्ही बसलो. बराच वेळ ती रुमालाची घडी घालत होती आणि मोडत होती. मला गप्प राहता येत नाही, हा माझा जुना रोग. मी म्हटलं, "अहो, उघडायचं कामच होतं त्यांचं. उघडला म्हणून काय झालं? सोडून कशाला गेले, ते आपल्याला कुठं माहीत आहे?"

ती माझ्याकडे वळली. तिचा चेहरा बघून मला वाटलं, जीभ आवरायला हवी होती.

"हात तेलाचे आहेत, म्हणाले होते," ती म्हणाली.

समोरून बर्फाची गाडी गेली, मागं पाण्याची रेघ सोडत. गाडी वळली तशी ती म्हणाली, "अकरा वर्षं मी रोज त्याला शिव्या घातल्या, मॅडम. चहा करताना, कपडे वाळत घालताना. राग होता तोवर घरात कुणीतरी होतं. आता मी कुणाशी बोलू?"

निरोपसमारंभ मंगळवारी होता. रविवारी सकाळी ती मला घेऊन जोडीदाराच्या घरी गेली. तिसरा मजला. जिन्यात ती म्हणाली, "तुम्ही इथंच थांबा." मी वरच्या पायरीवर बसले. दार उघडंच राहिलं, त्यामुळे दिसत होतं आणि ऐकूही येत होतं. ऐकायचं नाही असं ठरवण्याइतकी मी सज्जन नाही.

एकट्या माणसाची खोली होती. एकच खुर्ची, दोरीवर दोन शर्ट, खिडकीत औषधाच्या बाटल्या. माणूस वाळलेला, डोळ्यांना सारखं पाणी. गॅसनं डोळे आणि छाती दोन्ही गेल्यासारखीच होती, कारण मित्राला ओढून बाहेर काढायला आत तोही गेला होता. हे ताईंनी मला कधी सांगितलं नव्हतं, नंतर कळलं.

"वहिनी?" तो म्हणाला. "या. बसा."

ती बसली नाही. "व्हॉल्व्ह कुणी उघडला होता?"

"मी," तो लगेच म्हणाला. अकरा वर्षं तयार ठेवलेलं उत्तर होतं ते.

तिनं रुमाल त्याच्यापुढं पलंगावर ठेवला. त्यानं तो उचलला, डोळ्यांजवळ नेला, लाल शिवणीवरून अंगठा फिरवला. "चाकावरून मीच सोडून घेतला होता," तो हळूच म्हणाला. "तपासणीवाले यायच्या आधी त्याच्या खिशात घातला. तुम्ही टाकून दिला असेल असं वाटलं होतं."

"फोन माझा होता."

तो उठला. "चहा टाकतो."

"भाऊजी, बसा," ती म्हणाली.

तो बसला. अकरा वर्षं ती त्याला 'तो' म्हणत आली होती. 'भाऊजी' ऐकून त्यानं डोळे पुसले, पण त्याच्या डोळ्यांना तसंही पाणी असायचं, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.

"तुम्हाला कळू नये एवढंच होतं," तो म्हणाला. "मला बोललात तर बोललात. मी एकटा माणूस, माझं काय जात होतं? आणि तुम्ही बोलत होतात ते अगदीच चूक नव्हतं. मी टाकीपाशी होतो. तेल संपत आलेलं मला तिथून दिसत होतं. पण फडकं त्याचं. दुसऱ्याच्या फडक्याला हात लावायचा नाही, हे अंगात मुरलेलं. म्हणून हाक मारायला केबिनपर्यंत गेलो. दार ढकलणार, तेवढ्यात काचेतून बघितलं." खोकल्यानं त्याला थांबवलं. ती उभीच होती. "तेलाचा हात दूर धरून, फोन खांद्याला लावून बोलत होता. हसत होता, वहिनी. खदाखदा नाही, आपलं मनातल्या मनात हसतो ना माणूस, तसं. कामावर कधी हसायचा नाही तो. म्हटलं, बोलू दे दोन मिनिटं. आणि मागं फिरलो."

मग ताईंनीच स्टोव्ह पेटवला. कप कुठं आहेत ते त्यानं बसल्या जागेवरून सांगितलं. दोन होते. एक त्यांनी मला बाहेर आणून दिला आणि स्वतः पेल्यात घेतला.

जिना उतरताना मी त्यांना कागदाचं विचारलं. तो माझ्याच पर्समध्ये राहिला होता.

"ठेवा तुमच्याकडे," त्या म्हणाल्या. "शिकवायला होईल."

"आणि मंगळवारी?"

"जाणार ना. त्यांच्याकडचं कुणी नको का शेजारी बसायला?"

रस्त्यावर आलो. मी माझ्या वाटेला लागणार, तर त्यांनी माझा दंड धरून ठेवला. रहदारी मोकळी झाली तरी आम्ही कडेलाच उभ्या होतो. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"हसत होते म्हणे," त्या म्हणाल्या.